मास्तरांची कॉलर

मास्तरांनी शिवलेला शर्ट भर गर्दीतही ओळखू यायचा. कॉलरची टोकं ते किंचित गोल ठेवत. शेजारचा शिंपी म्हणायचा, "मास्तर, कॉलरीचे पण लाड करता होय!" मास्तर नुसते हसत. पोरीचेही त्यांनी असेच लाड केले होते.

ती परधर्मातल्या मुलाशी लग्न करून निघून गेली, तेव्हा समाजाच्या बैठकीत मास्तरांना उभं केलं. "मेली म्हण, नाहीतर तुझ्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही," असं थोरल्या भावानंच सुनावलं. मास्तर तसं म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत, एवढंच.

पण पोरीचे फोन चोरून येत राहिले. ती कुठे राहते, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. एकदा तिनं नवऱ्याची मापं सांगितली. मास्तरांनी भर दुपारी शटर अर्धं ओढून शर्ट शिवला. कॉलर साधी, टोकदार ठेवायची असं ठरवलं होतं. कात्री हातात आली आणि हात आपल्या वळणानं गेला.

आज मास्तरांचा मुलगा दुकानात आला आणि मशीनशी घुटमळत राहिला.

"बाबा, त्याच्या अंगावर तुमचा शर्ट होता."

"कोणाच्या?"

"कोणाच्या काय विचारता! ताईच्या नवऱ्याच्या. काकांच्या साडूनं तिकडच्या बाजारात पाहिला. आधी कॉलर ओळखली, मग तोंड. घरापर्यंत मागं गेला."

"आणि काका?"

"सकाळीच निघालेत. चौघं आहेत." मुलगा वर बघेना. "मलाही चल म्हणत होते. मी म्हटलं, पोट दुखतंय."

मास्तरांना नंबर लावता येईना. मुलानं लावून दिला.

"बाबा!" पोरीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "काका आलेत! तुम्हीच पाठवलंत ना? शर्टाचंसुद्धा माहीत आहे त्यांना. मला वाटलं, मिटलं एकदाचं. चहा टाकलाय, हे दूध आणायला गेलेत."

"बाळा, मी कुणाला पाठवलं नाही. बाहेर पड. आत्ता."

ती अगदी हळू म्हणाली, "कशी पडू? दारातच बसलेत."

भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ थोरल्या भावाचा, नेहमीसारखाच शांत: "धाकट्या, ठेव फोन. जावई आला की निघतोच आम्ही."

"पोलिसांना लाव!" मास्तर मुलावर ओरडले.

मुलानं स्वतःचा फोन काढला. "नावं सांगू? काकांची?"

"सांग! सगळ्यांची सांग!"

मास्तरांच्या कानाशी दार वाजलं. एक तरुण आवाज हसून म्हणाला, "अरे वा, पाहुणे!"