नेलचं नाक

टेडचं नाव आधी घेतो. ते घेतल्याशिवाय पुढचं बोलायला मला तोंड नाही – आणि पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

नववीत शाळा सोडलेला मी, लग्न करून लीड्सला आलो. बायको नर्स, सासरे डॉक्टर. पाहुणे आले की सासरे म्हणायचे, "जावई फॉरेस्ट्रीत आहेत," आणि लगेच कुणाला चहा हवा ते विचारायचे. फॉरेस्ट्री म्हणजे काय, तर तासाभरावरच्या जंगलात रोपं लावायची आणि कुंपणाचे खांब ठोकायचे. टेड तिथले मुख्य. साठीला आलेले, कमी बोलणारे. माझं इंग्रजी तुटकं, काही विचारलं की मला घाम फुटायचा – तरी त्यांनी मला हाताशी धरलं. कोवळी रोपं हरणं खातात, म्हणून दर हिवाळ्यात काही हरणं मारावी लागतात. ते काम त्यांनी मला शिकवलं. बंदुकीच्या लायसन्ससाठी, हा माणूस भरवशाचा आहे, असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ते टेडनी लिहून दिलं.

बायको हसायची. "घरात झुरळ दिसलं तर मला हाक मारतोस, आणि तिकडे बंदूक?"

टेडचे नियम थोडेच. हरीण आपल्याकडे कूस करून, स्थिर उभं असेल तरच गोळी. चालत असेल तर बोट चापाच्या बाहेर. गोळी झाडल्यावर पंधरा मिनिटं हलायचं नाही. मग ते नेमकं जिथे उभं होतं, तिथे फांदीला नारिंगी फीत बांधायची. तिथे पडलेल्या केसांवरून, रक्तावरून गोळी कुठे लागली ते टेडना कळायचं. आणि मग त्या फितीपासून नेल – त्यांची काळी लॅब्रॅडॉर – वास काढत जायची. जखमी जनावर मागे सोडून घरी जायचं नाही. "नेम चुकला तर चुकला म्हण," ते सांगायचे. "मला फक्त खरी जागा दाखव."

खरी जागा. एवढंच तर मागितलं होतं.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी. मला पहिल्यांदाच मचाणावर एकटं बसवलं होतं. टेड टेकडीच्या पलीकडे, दुसऱ्या मचाणावर. आठवडा झाला होता आणि मी रोज रिकाम्या हाताने उतरत होतो. ते काही बोलत नव्हते – पण मला वाटायचं, आज म्हणतील, राहू दे, तुझ्याच्यानं होणार नाही. सकाळी उजाडल्यावर एक मादी झाडीतून बाहेर आली. चालत होती. थांबेल म्हणून मी मनात तीनपर्यंत मोजलं. ती थांबली नाही – मीही थांबलो नाही.

तिची पाठ कमानीसारखी वर आली आणि ती झाडीत शिरली. पाठ वाकली म्हणजे पोटात लागली. हेही टेडनीच शिकवलं होतं.

खाली उतरून पाहिलं, तर गवतावर राठ केस आणि पोटातली हिरवट ओल. हे टेडनी पाहिलं असतं तर एका नजरेत सगळं कळलं असतं. मग मी काय केलं? चाळीस पावलं दूर गेलो, आणि तिथे फीत बांधली.

टेड आले. मी म्हटलं, बहुतेक चुकला. इथेच उभी होती, अगदी स्थिर. त्यांनी वाकून गवत पाहिलं, काहीच मिळालं नाही. तरी खात्री करायला नेलला लांब दोरीवर सोडलं. ती फितीकडे बघेचना. दोरी ताणून सरळ त्या दुसऱ्या जागेकडे ओढू लागली. टेडनी तिला मागे आणलं. ती पुन्हा तिकडेच. तिसऱ्या वेळी त्यांनी आवाज चढवला – मी त्यांना तिच्यावर चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"नेल, तो सांगतोय ना, इथे."

ती खाली बसली. त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? एक वाक्य. मी फितीची गाठ आणखी आवळली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मादी ओढ्याच्या काठावर मेलेली होती. तिच्या पायांपाशी माती उकरलेली होती, बरीच. लगेच मेली नव्हती. मी तिच्यावर वाळलेला पाला ओढला आणि कुंपणाच्या कामाला गेलो.

त्या आठवड्यात टेड व्हॅनमध्ये म्हणाले, "म्हातारी झाली रे. नाक गेलं तिचं." त्यानंतर त्यांनी नेलला जंगलात आणलं नाही. कधी त्यांच्या घरी गेलो की ती दारात असायची, व्हॅनकडे तोंड करून. दोन हिवाळ्यांनी ती गेली.

मी सुधारलो. चालत्या जनावरावर पुन्हा गोळी झाडली नाही. आता नवीन लोकांना मीच शिकवतो, आणि निवृत्त झालेले टेड सगळ्यांना सांगतात की एवढा काळजी घेणारा शिकारी त्यांनी पाहिला नाही. नेलचा विषय निघाला की मात्र म्हणतात, चांगली होती, शेवटी शेवटी चुकायला लागली. मी मान डोलावतो. आजही.

ती चुकली नव्हती. टेडनी मला जे जे दिलं, त्यातलं मला काही फेडता येणार नाही, पण एवढं त्यांचं त्यांना परत द्यायचं आहे – एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगेन, की नेल बरोबर ओढत होती.