हौसाक्कांच्या ओळखीची जनावरं

हौसाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी, कोल्हापुरात गंगावेशीत. पोत्यावर मातीचे बैल मांडून त्या विकायला बसल्या होत्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकून कॉन्व्हेंटमध्येच इंग्रजी शिकवणारी तरुण बाई. एक बैल उचलला आणि म्हटलं, "याचा मागचा पाय वाकडा झालाय."

"वाकडा न्हाय बाई, लंगडतोय त्यो. आमच्या गोठ्यातला सर्जा हाय. अस्साच चालायचा."

तो लंगडा सर्जा मी घरी आणला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं घर शोधत गेले.

मुरगूडजवळच्या त्यांच्या माहेरी मोठा गोठा होता. आक्का जनावरांतच वाढल्या. वडील गेले, भावांच्या वाटण्या झाल्या, जनावरं बाजारात गेली. सासरी आलेल्या आक्कांच्या हाताला मग चैन पडेना. विकलेलं एकेक जनावर त्या मातीतून परत आणू लागल्या. पुढं मातीच्या मूर्तीवरून साचा, साच्यातून फायबरची मूर्ती, आणि हातभर बैलांच्या जागी खऱ्या मापाच्या म्हशी. आज कितीतरी दूध डेअऱ्यांच्या फाटकांवर त्यांची जनावरं उभी आहेत. बघणाऱ्याला ती नुसती म्हैस. आक्कांना ती मोगरी असते, नाहीतर चंद्री.

इंग्रजी पत्रांची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली आणि मी पहिल्याच वर्षी घोळ घातला. परराज्यातल्या एका वळू केंद्राला फाटकासाठी 'बुल' हवा होता. मी बेधडक 'बैल' म्हणून सांगितलं. आक्कांनी खपून खांद्यावर जुवाचा घट्टा असलेला, गरीब डोळ्यांचा बैल केला. तो तिकडं ट्रकमधून उतरला तसा फोन आला. त्यांना वळू हवा होता, हे मी आक्कांना सांगितलं. आक्का पोट धरून हसल्या. "अवो बाई, वळूच्या दारात बैल हुबा केलासा की! गायी काय म्हणतील?" मग फोन घेऊन म्हणाल्या, "चूक माझी हाय पावणं. वळू करून पाठवतो." माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, पुढंही कधी घेतलं नाही.

माझे यजमान गेले तेव्हा सगळे सांत्वनाला आले. आक्का ओल्या मातीचा गोळा घेऊन आल्या. "हात रिकामं ठेवू नगा," म्हणाल्या आणि माझ्याजवळ बसून राहिल्या.

गेलं वर्ष मात्र आम्हा सर्वांना अस्वस्थ करणारं होतं. फायबरच्या धुळीनं आक्कांची छाती भरू लागली. डॉक्टरांनी कामाच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. सारं काम सूनबाई सुनंदा यांच्याकडं आलं. त्या हुपरीच्या, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातल्या. हात सफाईदार, पण त्यांनी घडवलेली प्रत्येक म्हैस आक्कांच्याच म्हशीची नक्कल. गिऱ्हाईक खूश होतं. आक्का शेडच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत. चहा गार होई, जेवण अर्ध्यावर राही.

"माझी मोगरी तू किती डाव करशील गं? मी मेल्यावर बी मोगरीच?"

"मग दुसरं काय करू, आत्ती? आमच्या दारात गोठा न्हवता, ऐरण हुती. मला कुठलं जनावर म्हाईत हाय?"

"हुडक की."

दोघी दोन दोन दिवस बोलत नसत. मला रात्र रात्र वाटे, आक्कांबरोबर हे सगळं संपणार. मूर्ती होत राहतील, पण त्यांत कुणाचं जनावर नसेल.

गेल्या महिन्यात सुनंदांनी मला बोलावून घेतलं. अंगणात मातीची एक म्हैस उभी होती. बुटकी, एक शिंग खाली आलेलं, मान तिरकी. आक्कांनी डोळे मिटून हात फिरवायला सुरुवात केली. कपाळ, शिंगं, पाठ, कास. परत मानेपाशी आल्या. हात थांबला.

"हिला मी वळखत न्हाय."

सुनंदांचा चेहरा उतरला.

"कुणाची ही?"

"म्हायेरी शेजारच्या काकींची. शाळंला जाताना वाटंत आडवी यायची. लई भ्यायचे मी."

"तरीच मान अशी धरलीया. मारकी हाय की सटवी!" आक्कांनी डोळे उघडले. "नाव काय हिचं?"

"कुणाला ठावं? आमी लांबनंच पळायचो."

"मग ठेव एक. बिननावाची म्हस आपल्या दारातनं जायाची न्हाय."

सुनंदा रडत रडत हसत होत्या. आक्कांनी पदरानं मातीचे हात पुसले आणि मला म्हणाल्या, "बाई, ही माझ्या गोठ्यातली न्हवं. तिच्या वाटंवरची हाय. बघितलंसा न्हवं?"

बघितलं, आक्का.

आज आपल्या वाढदिवशी एवढंच मागते: आपली छाती मोकळी राहो, पायांतली ही धावपळ अशीच टिको. आपण शंभरी गाठावी, आणि दर वर्षी आपल्या अंगणात असं एखादं जनावर उभं राहावं, ज्याच्यावर हात फिरवून आपण विचाराल, "कुणाची ही?"