मावशी आणि कदंबाचा शेंडा

जबलपुरात अशी एकही उंच वस्तू नसेल, जिच्या शेंड्याकडे माझ्या बायकोच्या मावशीने कोनमापकातून पाहिलेलं नाही. पाण्याच्या टाक्या, देवळांचे कळस, मोबाइलचे मनोरे, सगळे तिच्या नजरेखालून, म्हणजे खरं तर नजरेवरून, गेलेले आहेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, पण सराव काही सुटला नाही. पर्समध्ये रुमालाच्या आधी कोनमापक असतो. त्याला बोरूइतकी एक नळी चिकटवलेली, आणि मध्यबिंदूतून लोंबणाऱ्या दोऱ्याला वजन म्हणून पोलक्याचं बटण. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात तिने मला एकच प्रश्न विचारला होता, ‘टॅन तीस किती?’ मी सांगितलं. त्यानंतर माझा पगार कोणी विचारला नाही.

वर बघताना होतो तो उन्नत कोन आणि खाली बघताना होतो तो अवनत, एवढं तिच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला येतं. कारण चेरीताल मोहल्ल्यातल्या तिच्या गच्चीवरून खालच्या पपईवाल्याचा अवनत कोन सांगितल्याशिवाय चहा गाळला जात नाही. एकदा सदर बाजारात साडी घ्यायला म्हणून गेली आणि रस्त्यातच लष्कराच्या एका ध्वजस्तंभाकडे नळी रोखून उभी राहिली. पहारेकरी धावत आला. “अम्माजी, यहाँ नापना मना है।” मावशी शांतपणे म्हणाली, “हम तो बस देख रहे हैं बेटा, नापता तो टॅन है।” बरगीला धरणाच्या कठड्यावरून तिने खालच्या कोळ्याला ओरडून सांगितलं, “भैया, दो मिनट हिलना मत!” तो बिचारा वल्हं उचलून पुतळ्यासारखा बसला. होडी मात्र हळूहळू सरकत राहिली. मावशीने तीनदा कोन घेतला, तिन्ही वेळा अंतर वेगळं आलं. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला हे चालत नाही, म्हणून मी विचारलं, यातलं खरं कोणतं? “तिन्ही,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही होतं, ते मला उत्तरापेक्षा जास्त पटलं.

तिच्या अंगणात एक कदंब आहे. घर बांधलं त्या वर्षी तिने आणि मावसोबांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, मिळून लावलेला. आता मावसोबा नाहीत. यंदा शेजारच्या भैयाजींनी कुंपणाकडे नवी खोली काढली आणि वादळात झाड भिंतीवर येईल अशी भीती त्यांना वाटू लागली. माणूस भला, भांडायला आला नव्हता. तोडगा मावशीनेच काढला. “पडलं तर तुमच्या भिंतीपर्यंत पोचेल का, ते मोजू. पोचत असेल तर मी स्वतः कापवते.”

खोडापासून भिंत चाळीस फूट दहा इंच भरली. मग मावशी शेंड्याकडे नळी लावून मागे मागे सरकत गेली, दोरा पंचेचाळीस अंशांवर आला तिथे थांबली. पंचेचाळीसला झाडापासून जेवढं अंतर, तेवढीच डोळ्यांच्या वरची उंची. अंतर छत्तीस फूट. त्यात डोळ्यांची उंची पाच फूट मिळवली, एक्केचाळीस. दोन इंचांनी पोचत होतं.

“अरे दीदी, दो इंच की क्या बात है,” भैयाजीच ओशाळले.

“दो इंच, दो इंच होते हैं, भैयाजी।” मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला. “जावईबापू, तुम्ही एकदा तपासून घ्या. माझं चुकून राहिलं असंल तर.”

कोन तपासायला मी तिच्या शेजारी उभा राहिलो, आणि मला चांगलंच वाकावं लागलं. माझी नजर पाच फूट एक इंचावर आहे. मावशीची माझ्या खांद्यापाशी होती. बाजूला उभ्या असलेल्या बायकोच्याही ते लक्षात आलं. ती कानाशी कुजबुजली, “अहो, सांगू नका. मान वर करून जगलेली बाई आहे ती.”

“मावशी,” मी म्हटलं, “हे पाच फूट कधी मोजले होते?”

“नोकरी लागली तवा. काहून? डोळे काय वाढतात का?”

“वाढत नाहीत,” मी म्हणालो, आणि सरळ उभा राहिलो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे. “टेप आणा,” म्हणाली.

भिंतीला पाठ लावून ती ताठ उभी राहिली, वर्गात उभी राहत असेल तशी, हनुवटी वर. चार फूट साडेदहा इंच. तेवढ्यानेही, अर्ध्या इंचाने का होईना, झाड जातच होतं. मी हळूच म्हटलं, “मावशी, दोरा बघताना उभ्या होता ना, तशा राहा.”

थोडा वेळ ती ताठच राहिली. मग तिने खांदे सोडले. पाठ आपोआप पुढे आली, मान खाली झुकली, आणि माझं टेपवरचं बोट तिच्या डोळ्यांबरोबर उतरत चार फूट आठवर थांबलं.

“चाळीस आठ,” तिनेच बेरीज केली. “नाही पोचत.”

“चलो, रह गया पेड़,” भैयाजी म्हणाले, आणि घाईघाईने आत गेले.

“मी कधी अशी झाली, जावईबापू, कळलंच नाही,” मावशी म्हणाली. पुन्हा ताठ व्हायचा प्रयत्न तिने केला नाही. तशीच वाकून अंगणात गेली आणि खोडाला हात लावून नळीशिवाय वर बघत राहिली. वाऱ्याने कदंब जरासा झुलला. त्या क्षणी त्याचा शेंडा नेमका किती उंचीवर होता, हे विचारायची इच्छा मलाही झाली नाही.