सांगून जाणं

केदारखेड्याच्या अंगणवाडीत खिचडी खाऊन झाली की वीस पोरं घोरायला लागत. ही करामत आपल्या गाण्याची, असं अंगणवाडी सेविका बेबीनंदाबाई म्हणत. गाणं थांबावं म्हणून पोरं झोपतात, असं मदतनीस श्रद्धाचं मत होतं. एकटी साक्षी मात्र या गाण्यालाही पुरून उरली. चार वर्षांची पोर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून टक्क बसायची. पेंग आली की स्वतःच्याच गालाला चिमटा घ्यायची.

दिवाळीनंतर तिचे आईबाप, भारत आणि शिवकन्या, ऊसतोडीला गेले तेव्हापासूनचं हे. गोष्टी झाल्या, बाहुली झाली, गूळशेंगदाणे झाले. हार मानणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिच्या आजोबांना, सर्जेरावांना गाठलं. तेव्हा उलगडा झाला. ट्रक पहाटेच निघाला, आणि रडारड नको म्हणून दोघं पोरीला झोपेतच ठेवून, पाय न वाजवता गेले. गावात सगळेच तसं करत. सर्जेरावांना तर या युक्तीचा अभिमानच होता.

डोळा मिटला की माणसं नाहीशी होतात, एवढं पोरीनं त्या एका झोपेत शिकून घेतलं होतं.

जानेवारीत भारतच्या चुलतभावाच्या लग्नाला दोघं दोन दिवसांसाठी आले. बाईंनी त्यांच्या ओट्यावर ठाणच मांडलं. या वेळी पोरीला जागेपणी सांगून जायचं, म्हणाल्या. शिवकन्येला धीर होईना. सर्जेराव उसळले.

"पोरगी रडून गाव गोळा करीन, बाई. मला बी मायबापानं असंच झोपेत सोडल्तं. माझं काय बिघडलं?"

"आबा, तुमी अजून एसटीत डोळा मिटत न्हाई. शेजारच्याची बाही धरून बसता. मागच्या महिन्यात भोकरदनपर्यंत माझीच बाही उसवली."

सर्जेरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. सुनेकडे वळून म्हणाले, "मंग सांगूनच जाय."

सकाळी शिवकन्येनं लेकीसमोर उकिडवं बसून सांगितलं, मी चालले, पाडव्याला येते. साक्षीनं असा टाहो फोडला की शेजारच्या कडूबाची म्हैस दावं तोडून पळाली. बाईंनी पोरीला कडेवर घेतलं, तर ती मनगटाला कडकडून चावली. बाईंनी तिला सोडलं नाही.

पुढचे दोन दिवस ती तशीच ताठ बसली. तिसऱ्या दिवशी तिनं बाईंना विचारलं, "तू बी जाणार?"

"दोन वाजता. तुला सांगून जाईन."

साक्षीनं थोडा विचार केला आणि आडवी झाली. पाच मिनिटांत तोंड उघडं टाकून झोपली.

दोन वाजले. श्रद्धा हातापाया पडायला लागली की बाई, अडीच महिन्यांनी पोर झोपली, उठवू नका. बाईंनी पदर खोचला, खाली वाकून तिला हलवलं.

"साक्षे, मी निघाले गं."

साक्षीनं एक डोळा उघडून पाहिलं.

"जाय," म्हणाली, आणि कूस बदलून परत झोपली.