जास्वंदीला ओलं गोणपाट

"चालवा करवत! ह्यांच्याकडे बघू नका, ह्यांना काही काम नाही!"

वारज्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी इतक्या जोरात ओरडले, की तिकडे खडकवासल्याच्या धरणात लाटा उठल्या असतील. करवतवाला गोंधळून उभा. मी गेटजवळच्या जास्वंदीला मिठी मारून उभा. आणि आख्खी सोसायटी गॅलरीत चहा पीत उभी.

जास्वंद मी लावलेली. एरवी संकष्टीला लोक परड्या घेऊन तिच्याखाली रांग लावतात. पण यंदाच्या उन्हाळ्यात तिच्यावर पिठ्या ढेकूण पडला. अंगावर पीठ फासलेला हा पांढरा किडा फांदीला चिकटून रस पितो आणि खाली चिकट थेंब गाळतो. आमचे ढेकूण तर सुपारीएवढे. त्यांचा रस ओढण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर यायचा, मी स्वतः ऐकलाय. आणि थेंब पडायचे ते नेमके सेक्रेटरींच्या गाडीवर.

त्यांनी आधी विषारी औषध मारून घेतलं. ते त्या मेणकट पिठावरून ओघळून गेलं आणि ढेकूण अभ्यंगस्नान झाल्यासारखे टवटवीत झाले. मग मीटिंगमध्ये ठरलं, झाड तोडायचं. मी उभा राहिलो आणि पुढच्या मीटिंगपर्यंत मुदत मागितली. म्हटलं, किड्यांना खाणारी बुरशी असते, शेतकरी तिला मित्रबुरशी म्हणतात. ती किड्याच्या कातडीतून आत शिरते आणि त्याला आतून संपवते. झाडाला काही करत नाही. यावर मागच्या रांगेतून एका बाईंनी शांतपणे विचारलं, आमच्याकडे ब्रेडवर आहे थोडी, ती चालेल का? सगळे हसले, पण मुदत मिळाली.

शेतीच्या दुकानातून बुरशीची पावडर आणली. ऊन तिला सोसत नाही, म्हणून संध्याकाळी फवारली. पण तिला ओलावा लागतो आणि पुण्याचा एप्रिल म्हणजे नुसता तवा. मी हरणार नव्हतो. गोणपाटं आणली, भिजवली आणि झाडाभोवती गुंडाळली. सोसायटीच्या पाण्याला हात लावायची बंदी होती. म्हणून घरच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून मी सकाळ-संध्याकाळ जिने उतरत होतो. माझ्या फेऱ्यांनी जिन्याच्या पायऱ्या झिजल्या असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. बायको एवढंच म्हणाली, "अहो, मला ताप आला होता तेव्हा एक पट्टी ठेवली नव्हतीत."

आणि मग बुरशी लागली. झाड आधी पांढरं होतं, ते आता पांढरंशुभ्र झालं. कारण मेलेल्या ढेकणाच्या अंगातून जी बुरशी बाहेर येते, तीही पांढरीच. मीटिंगमध्ये तावातावानं भाषण करताना ही बारीकशी गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली होती. सेक्रेटरींना वाटलं, कीड दुप्पट झाली. त्यांनी मुदतीची वाट न बघता करवतवाला बोलावला.

"मेलेत ते सगळे," मी खोड न सोडता म्हणालो.

"मेलेले आणखी पांढरे होतात होय? दाखवा."

सेक्रेटरींचा जन्म कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेलेला. खिशात भिंग कायम. त्यांनी गोणपाट बाजूला सारलं, भिंग डोळ्याला लावलं, शर्टाला टोचलेली टाचणी काढली आणि पहिला ढेकूण टोचला. जिवंत असता तर चिकट पाणी आलं असतं. त्याचा भुगा झाला. दुसरा टोचला, भुगा. मग ते फांदीमागून फांदी तपासत सुटले. एखादा माल परत पाठवायला मिळावा अशी आशा त्यांच्या पाठीवर स्पष्ट दिसत होती. गॅलरीतले चहा संपले, पोहे आले. आतल्या एका फांदीवर दोन-चार जिवंत सापडले, तेव्हा मी खोड आणखी घट्ट धरलं. पण त्यांच्याही अंगावर बुरशीचा पांढरा धागा चढू लागला होता. वर शेंड्याला एक कळी होती. सेक्रेटरींनी तीही भिंगातून पाहिली, टाचणी शर्टाला परत लावली आणि करवतवाल्याला जायला सांगितलं.

मी मिठी सोडली. छाती एवढी फुगली, की शर्टाचं बटण उडून पार सदाशिव पेठेत पडलं असणार. सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मग, सेक्रेटरीसाहेब? करून दाखवलं की नाही?"

ते भिंग पुसत म्हणाले, "बुरशीनं केलं. तुम्ही गोणपाटं काढा."