राहून गेलेलं पान

नवरा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी एक वेबसाइट केली. त्याच्या आजारात आधी बोलणं गेलं, मग गिळणं. सिल्व्हर पार्कच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई त्याला भरवायचो. डाळ किती घट्ट ठेवायची, पाठीला उशा कशा लावायच्या, ठसका लागला तर आधी काय करायचं, हे आम्ही चुकत चुकत शिकलो होतो. मराठीत ते कुठे नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून मीच लिहून काढलं.

माझी नोकरी वेबसाइटच्याच कामाची. लोकांच्या वेबसाइटवर कोण येतं, कुठल्या पानावर थांबतं, कुठून निघून जातं, हे बघायचं आणि मालकांना समजावून सांगायचं. सवयीने आमच्याही वेबसाइटला मी हे सगळं मोजणारं ॲनालिटिक्स लावलं.

सासूबाई राई गावच्या. मुलाच्या आजारात गावचं घर धाकट्या मुलावर सोपवून आमच्याकडे आल्या आणि तो गेल्यावरही माझ्यापाशीच राहिल्या. मी लॅपटॉप उघडला की विचारायच्या, "आज कोण आलं?"

"कोण ते कळत नाही, आई. गाव दिसतं फक्त. हे बघा, अकोला. हे सांगली. आणि तेही कधी कधी चुकीचं असतं."

"एवढ्या लांबून येतात," त्या म्हणायच्या. "कुणाच्या घरी काय चाललं असंल."

माणसं येत होती. पातळ जेवणाचं पान सगळ्यात जास्त वाचलं जायचं, तेही शेवटपर्यंत. पण तिथून बरेच जण वेबसाइटवरच्या शोधायच्या चौकटीत काहीतरी टाइप करायचे आणि लगेच निघून जायचे. काय शोधतात ते मी एका रविवारी सकाळी उघडून पाहिलं. 'जेवण बंद केलं.' 'तोंड मिटून घेतात.' 'पाणी पण नको म्हणतात.' या सगळ्यांना आमची वेबसाइट एकच उत्तर देत होती, काही सापडलं नाही. शेवटच्या दिवसांबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. लिहायला बसले की हात चालत नसे.

त्यात एक अख्खं वाक्य होतं. समोर बसलेल्या माणसाला विचारावं तसं कुणीतरी लिहिलं होतं, 'आई तोंड उघडत नाही मी चूक करतेय का'.

सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होत्या. मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांचे हात थांबले.

"मी पण हेच इचारत होते," त्या म्हणाल्या. "पण इचारू कुणाला? तुला कसं इचारणार?"

"काय विचारणार होतात?"

"मी माझ्या पोराला उपाशी मारलं का गं?"

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. आमच्या घरी येणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की आता शरीरच अन्न मागत नाही, जबरदस्ती केली तर त्रास वाढेल. मला वाटायचं, ते त्यांनाही पटलंय. मग सासूबाईंनी मला त्याच्या शेवटच्या दिवसांतल्या एका दुपारचं सांगितलं. मी औषधं आणायला गेले होते. त्यांनी पेज केली होती आणि चमचा त्याच्या ओठांशी धरून त्या परत परत म्हणत होत्या, एवढंच घे, बाळा. त्याने कसाबसा हात उचलला, त्यांच्या हातातला चमचा घेतला आणि वाटीत ठेवला. मग त्यांचा हात धरून पडून राहिला.

"चिडला न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघत होता. मी मग कापूस ओला करून ओठांवर फिरवला. ते त्याला बरं वाटलं. पण आई हाय ना मी. घास थांबवला, तो माझ्या जिवातून जात न्हाय."

मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वेबसाइटी बघतेय, पण लोक का निघून जातात ते त्या दिवशीइतकं मला कधीच कळलं नव्हतं. आम्ही दोघी रडलो. मग त्याच म्हणाल्या, "लिही. मी सांगते तसं लिही."

ते पान त्यांच्याच शब्दांत आहे. चमच्याचं आहे, ओल्या कापसाचं आहे. डॉक्टरांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. सगळं झाल्यावर त्यांनी सासूबाईंना फोन करून सांगितलं, "आजी, तुम्ही योग्य तेच केलंत." त्या नुसतं हूं म्हणाल्या, पण फोन ठेवल्यावर देवासमोर जाऊन बसल्या.

पान वाचलं जाऊ लागलं. लोक त्यावर थांबत होते, काही जण पुन्हा येत होते. मग जेसल पार्कहून एका बाईंचा ईमेल आला. त्यांच्या आईने खाणं सोडलं होतं, भरवत का नाहीस म्हणून भाऊ रोज फोनवरून रागावत होता. भेटता येईल का, असं विचारलं होतं.

"तीच का गं ही, चूक करते का इचारणारी?" सासूबाईंनी विचारलं.

"कळायला मार्ग नाही, आई."

"नसू दे. जाऊ आपण."

आम्ही रिक्षाने गेलो. दार उघडणारी बाई माझ्याच वयाची होती, डोळे सुजलेले. सासूबाई सरळ आत गेल्या, म्हाताऱ्या बाईंच्या उशाशी बसल्या, त्यांच्या केसांवरून हात फिरवला. त्या बाईंच्या कपाळावर आठी नव्हती, श्वास शांत होता. "बघ, त्रास न्हाय तिला," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून विचारलं, "तू जेवलीस का?"

तिने नकारार्थी मान हलवली. सासूबाई परक्या स्वयंपाकघरात गेल्या, वरण गरम केलं, भात कालवला आणि ताट तिच्यासमोर ठेवलं. ती रडत रडत जेवली. सासूबाई ताट संपेपर्यंत तिच्या शेजारी बसून होत्या.

त्याच आठवड्यात तिची आई गेली. तिने फोन केला तो सासूबाईंसाठी. त्या गॅलरीत जाऊन बराच वेळ तिच्याशी बोलत होत्या.