जळालेलं इंजिन

पुसदला माझी मोटरसायकल दुरुस्त करणारे भाई अंतराळातल्या लढायांचे सिनेमे हिंदीत पाहतात. बोलताना त्यांच्या हातातला पाना थांबतो आणि वाक्य संपलं की पुन्हा फिरू लागतो.

एका सिनेमाचा दुसरा भाग आल्यापासून समोरच्या टेलरशी त्यांचा वाद चालू होता. पहिल्या भागात जहाजाचं इंजिन जळालं होतं, मग आता ते एका बटणावर सुरू कसं झालं?

टेलर म्हणाला, "बनवनारेच विसरले."

"इतके लोक काम करतेत, विसरतीन कायले? सर, तुमी सांगा."

"मूळ कादंबरीत दुरुस्तीचं प्रकरण आहे," मी सांगून टाकलं.

"आयकलं? सर शिकेल मानूस हाय," भाई शेजारच्या चहावाल्यासमोर टेलरला म्हणाले. टेलर उठून आपल्या दुकानात गेला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझा शब्द कोणी तपासत नाही. दोन दिवसांनी माझ्या गाडीचं काम संपत आलं असताना मी भाईंना सांगितलं, "मी ती कादंबरी वाचलेली नाही. ती आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही."

भाईंनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ते रस्ता ओलांडून टेलरकडे गेले.

"तुहं बराबर असंन. म्या उगाच तुले गप्प केलं."

"मंग सर काहून तसं म्हनत होते?"

"सरचं नाव कायले काढतं? तुह्यासंग भांडलो तर मी होतो."

परत येऊन ते मला म्हणाले, "मारा किक, सर."